चिमणीच्या इन्सुलेटेड पाइपचे जोड झाकण्याआधी तपासायचे कसे?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून आत, भिलारच्या बाजूला आमचं घर बांधून होत आलंय. आई-वडील बारा महिने तिथंच राहणार आहेत. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, पण आईला खरा त्रास होतो तो जुलै-ऑगस्टच्या ओल्या गारठ्याचा. धुकं घरात शिरलेलं, कपडे वाळत नाहीत, गाद्या दमट. म्हणून हॉलमध्ये लाकडावर चालणारा बिडाचा बंद स्टोव्ह बसवतोय, पुढं काचेचं दार असलेला.

चिमणी दुपदरी आहे. आत १५० मिमीचा स्टेनलेस पाइप, बाहेर २०० मिमीचा, मधल्या २५ मिमीत रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर. स्टोव्हवरून सरळ वर, छतातून आणि पत्र्यातून बाहेर. बहुतेक तुकडे तयार विकत आणले. लांबी कमी पडली म्हणून दोन तुकडे इकडच्याच एका फॅब्रिकेटरकडून करून घेतले.

आता सुतार जिप्समचं छत आणि पाइपभोवती प्लायचं खोकं करायला थांबलाय. फॅब्रिकेटर म्हणतो, जोड एकदम फिट आहेत, बिनघोर झाका. पण आत झोपणार आहेत माझे आई-वडील. मला झाकण्याआधी प्रत्येक जोडाची खात्री करायची आहे. कुणी हे काम केलंय का? तपासतात कसं?

कृष्णाकाठ
आम्ही सांगलीकर, आमच्याकडं वर्षातले आठ महिने गारवा कसा आणायचा यावरच धागे निघतात. पण प्रश्न मोलाचा आहे. वाचतोय.

निळीशाई
घाटमाथा, राग मानू नका, पण स्टोव्ह हवाच कशाला? तेलाचा इलेक्ट्रिक हीटर लावा, सोबत डीह्युमिडिफायर. धूर नाही, राख नाही, जोड नाहीत. आणि तो सगळा पट्टा २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये आहे. परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. लाकूड आणणार कुठून?

घाटमाथा
निळीशाई, मुद्दा रास्त आहे. हीटर आहेच. पण पावसाळ्यात आमच्याकडं वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि नेमकी तेव्हाच ऊब लागते. लाकूड वाईच्या बाजूच्या वखारीतून येईल, बाभळीचं. तोडीचा प्रश्न नाही.

वाफेवरचा
पोरा, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो, वाळवा तालुक्यात. सगळी नोकरी वाफेच्या लाइना आणि धुराड्यांत गेली. दुपदरी चिमणी आणि लॅगिंग केलेली, म्हणजे वरून इन्सुलेशन गुंडाळलेली लाइन यांत फरक आहे, पण गळती शोधायची नजर तीच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. तुझ्या पाइपला दोन शत्रू आहेत आणि दोघंही वरून खाली येतात. बाहेरून पाऊस, आतून डांबर. धुरातली वाफ आणि राळ गार पत्र्याला लागली की पाझरते आणि आतल्या भिंतीवरून ओघळत येते. म्हणून आतल्या पाइपाचा वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या पोटात बसला पाहिजे. ओघळ आतल्या आत राहून स्टोव्हपर्यंत येईल आणि जळून जाईल. बाहेरच्या पत्र्याचं बरोबर उलटं. तिथं वरचा तुकडा खालच्याच्या बाहेरून यायला हवा, कौलं चढवतो तसा, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरून निथळून जातं. एकाच जोडात आतला पदर एका दिशेनं आणि बाहेरचा दुसऱ्या दिशेनं. तयार तुकड्यांत हे कारखान्यातच जमवलेलं असतं आणि वर बाण छापलेला असतो, धूर जातो त्या दिशेचा. गावात केलेल्या तुकड्यांत हे तपासल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. आमच्याकडं बरेच कारागीर एसीचे डक्ट करतात. डक्टमध्ये वारा जातो, डांबर जात नाही, त्यामुळं दिशेची सवय त्यांच्या हाताला नसते.

जोडांवर बाहेरून आवळलेले सगळे पट्टे सोड आणि एकेक तुकडा खाली उतरव. कंटाळा करू नकोस. तोंड गोल आहे का बघ. टेम्पोतून येताना चेपलेलं असतं. रॉकवूल काठापर्यंत दाबून भरलंय का बघ. तुकडा उभा धरून हलवलास आणि वूल खाली सरकली, तर वरच्या टोकाला पोकळी राहणार, आणि जोडाच्या जागीच पत्रा तापणार. वूल ओली लागली तर तो तुकडा बाजूला. ओली वूल ऊब अडवत नाही आणि आतून स्टेनलेसलाही खाते.

वाई_माहेर
बंबाची आठवण झाली. आमच्या माहेरी तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत बंबफोड टाकायची आणि धूर त्याच नळीतून वर. पण तो असायचा न्हाणीघराबाहेर, उघड्यावर. घरातल्या हॉलमध्ये म्हणजे जबाबदारी वेगळीच.

कुपवाड_वेल्डर
मी फॅब्रिकेशनच करतो, म्हणून बोलतो. सगळा दोष लोकल माणसावर ढकलू नका. गिऱ्हाईक फोनवर लांबी सांगतं आणि चिमणी कशाची ते सांगतच नाही.

माझा सल्ला, जोडांची एवढी काळजी वाटत असेल तर आतला पाइप सगळा टिग वेल्ड मारून एकसलग करून टाका. जोडच नाही तर गळती कुठली?

वाफेवरचा
वेल्डर भाऊ, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण लोखंड असो की स्टेनलेस, तापलं की वाढतं. ३०४ जातीच्या स्टेनलेसचा ५ मीटर पाइप ३०० अंशांनी तापला तर साधारण २५ मिमी वाढतो. बाहेरचा पत्रा गारच, तो वाढत नाही. एकसलग आतला पाइप मग एक तर स्टोव्हवर रेटा देतो नाहीतर वरची टोपी उचलतो. बिडाच्या स्टोव्हचं वरचं तोंड तडकायला तेवढं पुरतं. सॉकेटच्या, म्हणजे एकात एक सरकवलेल्या जोडात ती वाढ जिरते. आणि साफ करायला उतरवायचं झालं तर एकसलग पाइप कापावाच लागेल.

त्याच कारणानं दोन्ही पत्र्यांतून आरपार स्क्रू किंवा रिव्हेट मारायचा नाही. दोघांची वाढ वेगळी, स्क्रू कापला जातो आणि भोक मोठं होतं. घाटमाथा, तुझ्या दोन तुकड्यांवर रिव्हेट दिसतायत का? असतील तर किती खोल गेलेत ते बघ.

कुपवाड_वेल्डर
पटलं काका. वाढीचं लक्षात घेतलं नव्हतं, मी पाण्याच्या टाक्या करतो. मग उभी शिवण वेल्ड करायची आणि आडवे जोड सॉकेटचे ठेवायचे, असंच ना?

वाफेवरचा
असंच. आणि उभी शिवण एकाखाली एक येऊ देऊ नका, थोडी फिरवून बसवा.

टेम्स_ते_कास
मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडमध्ये घरांच्या दुरुस्तीचं काम करतो. इथं स्टोव्ह बसवणं नियमांच्या चौकटीत येतं, त्यामुळं थोडं सांगू शकतो.

तयार तुकड्यांवर पट्टी असेल, त्यावर 'टी४५० एन१ डी व्ही२ जी५०' असं काहीतरी लिहिलेलं असेल. टी४५० म्हणजे ४५० अंशांचा धूर सतत सोसेल. एन१ म्हणजे हा पाइप नैसर्गिक ओढीवर चालायचा आहे, आत दाब देऊन नाही. डी म्हणजे कोरड्या वापरासाठी, तिथं डब्ल्यू असेल तर आत ओल पाझरली तरी चालते. व्ही गंजरोधाची पायरी. सगळ्यात महत्त्वाचं शेवटचं अक्षर: जी असेल तर आत काजळी पेटली तरी पाइप टिकतो, आणि ५० म्हणजे जळण्यासारख्या कुठल्याही वस्तूपासून ५० मिमी मोकळी जागा हवी. जी ऐवजी ओ असेल तर तो पाइप लाकडाच्या स्टोव्हसाठी नाही. परत करा.

तुमच्या फॅब्रिकेटरच्या तुकड्यांवर हा आकडा नसणारच. तो शोधून मिळतही नाही, चाचणी करूनच ठरतो. त्यामुळं ते दोन तुकडे छतात किंवा खोक्यात अजिबात ठेवू नका. ठेवायचेच तर पत्र्याच्या वर, मोकळ्या हवेत. माझ्या मते तर तेही नको, एक तयार तुकडा मागवून घ्या.

दुसरं, कुठलाही जोड छताच्या किंवा भिंतीच्या जाडीत येता कामा नये. जिथं हात पोचत नाही तिथं जोड नको. इथं तर तसा नियमच आहे.

सावलीतलं_घर
मी वास्तुविशारद, कामं पाटण-कोयनेकडची. वरच्या प्रतिसादाला जोडून.

प्लायचं खोकं ऐकून धसका घेतला. पाइपला चिकटून प्लाय नको, आणि मधली ५० मिमीची जागा काही लोक 'अजून सुरक्षित' म्हणून ग्लासवूलनं भरतात, तेही नको. ती हवा खेळती राहायला हवी, उष्णता तिच्यातूनच निघून जाते. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड पुढं कमी उष्णतेलाही पेट घेतं, म्हणून पहिल्या हिवाळ्यात काही झालं नाही यावर जाऊ नका. खोकं हवंच असेल तर सिमेंट बोर्डाचं करा, खाली-वर जाळी ठेवा आणि प्रत्येक जोडासमोर उघडणारं दार. ते दार दिसायला आवडत नाही म्हणून मालक नको म्हणतात. मी त्यावर अडून बसते.

पत्र्यातून पाइप बाहेर येतो तिथं महाबळेश्वरचा पाऊस. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तोही वाऱ्याबरोबर आडवा. तिथल्या जुन्या बंगल्यांना पावसाळ्यात भिंतींवर गवताच्या झडी बांधतात ते उगाच नाही. फ्लॅशिंग, म्हणजे पाइपाभोवती पाणी अडवणारा पत्रा, वरच्या पत्र्याखाली सरकवलेलं हवं आणि त्याच्यावर पाइपाला कॉलर. कॉलरच्या कडेला सिलिकॉन चालेल, कारण बाहेरचा पत्रा फार तापत नाही. पण तेच सिलिकॉन कुणी आतल्या जोडाला लावत असेल तर हात धरा. ते अडीचशे-तीनशे अंशांपुढं टिकत नाही. एम-सील तर नकोच. स्टोव्हच्या तोंडाशी पहिला जोड येतो तिथं काचधाग्याची दोरी आणि फायर सिमेंट. दुपदरी तुकड्यांच्या जोडात काहीही भरायचं नसतं, ते कोरडेच बसतात.

आणि पाइपाचं वजन स्टोव्हवर नको. भिंतीला किंवा छताच्या तुळईला ब्रॅकेट घ्या.

सह्यकडा
आमचं पाचगणीत छोटं होमस्टे आहे. दोन खोल्यांत असेच स्टोव्ह आहेत. एका चिमणीच्या जोडाखाली बाहेरून तपकिरी ओघळ दिसायला लागले, चहा सांडल्यासारखे. धूर मात्र खोलीत कधीच आला नाही. म्हणून आम्ही निवांत होतो. उतरवून बघितलं तर आतला तुकडा उलटा बसवलेला, डांबर वूलमध्ये मुरून ती दगडासारखी झालेली. बसवणारा माणूस पुन्हा फिरकला नाही.

ओघळ दिसला की समजायचं, जोडात काहीतरी आहे. धुराची वाट बघायची नाही.

निळीशाई
पण धूर आत का नाही आला? गळती होती ना?

वाफेवरचा
चांगला प्रश्न. चिमणी तापली की आतली हवा हलकी होऊन वर धावते, आत ओढ तयार होते. त्या ओढीत गळका जोड धूर बाहेर टाकत नाही, खोलीतली गार हवा आत खेचतो. त्यानं धूर गार होतो, ओढ मंदावते, डांबर जास्त साचतं. पुढं कधीतरी चिमणी गार असताना पेटवली, किंवा वारं वरून दाबलं, किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन जोरात चालला, की तोच जोड उलटा वाहायला लागतो. तोवर डांबर साचलेलं असतंच, ते पेटलं तर आत हजार अंशांच्या पुढं जातं. तसं झालंच तर स्टोव्हचं दार आणि त्याच्याच हवेच्या झडपा बंद करायच्या, माणसं बाहेर काढायची, अग्निशामकला फोन लावायचा. पाणी ओतायचं नाही.

आता मूळ प्रश्नाकडं. अंधारात पाइपात बल्ब सोडून बाहेरून उजेड बघायची युक्ती एकपदरी पाइपाला चालते. तुझ्या दुपदरीत वूल आड येते, उजेड दिसणारच नाही. त्यापेक्षा मोबाइलचा टॉर्च आणि व्हिडिओ चालू करून तो दोरीला बांधून वरून आत सोड. प्रत्येक जोडाची कड आतून दिसेल. वरच्या तुकड्याची कड खालच्याच्या आत गेलेली दिसली पाहिजे. खालच्याची कड वर उघडी, पायरीसारखी दिसली तर तो जोड उलटा.

मग धूर. स्टोव्हमध्ये शेणी आणि थोडा ओला पाला पेटव, वरून धूर यायला लागला की टोपीवर ओलं पोतं टाक आणि जोडाजोडाला नजर लाव.

नाडीपरीक्षा
थांबा. मी मिरजेत डॉक्टर आहे. काकांचं बाकी सगळं पटतं, पण धुमसती शेणी आणि वरून बंद चिमणी, हे बंद घरात कृपया करू नका. धुमसणाऱ्या जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, माणसाला वाटतं थंडी बाधली किंवा पित्त झालं, आणि तो तिथंच पडून राहतो. घरातल्या सगळ्यांना एकदम तसं होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल तर संशय घ्याच. बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यामागं हेच असतं.

अजून एक. कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो इथं फसवतो. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही तो ऑक्सिजनवालं समजतो आणि ९८ दाखवतो. त्यावर विसंबू नका.

घाटमाथा, आई-वडिलांच्या खोलीत आणि स्टोव्हच्या खोलीत मोनॉक्साइडचा अलार्म लावा. स्मोक अलार्म वेगळा, त्याला हा वायू कळत नाही. चिमणीवर होणाऱ्या खर्चापुढं त्याची किंमत काहीच नाही. आणि खोलीला बाहेरची हवा येणारी एक कायमची झडप ठेवा, थंडी वाजते म्हणून ती बुजवायची नाही.

वाफेवरचा
डॉक्टरसाहेब, मान्य. आम्ही कारखान्यात मोकळ्या शेडमध्ये तसं करायचो, घरातली गोष्ट वेगळी. शेणी रद्द.

टेम्स_ते_कास
त्यासाठी धुराच्या गोळ्या मिळतात, जाळ न करता मोजका धूर देणाऱ्या. ऑनलाइन मागवता येतात. आधी केस वाळवायच्या ड्रायरनं चिमणी आतून जरा कोमट करून घ्या, नाहीतर गार चिमणीत धूर वर चढतच नाही आणि उगाच घाबरायला होतं. मग गोळी पेटवून दार लावा, वरून धूर दिसला की टोपी झाका. खिडक्या उघड्या, एक माणूस घराबाहेर. चार-पाच मिनिटांत कळतं.

कृष्णाकाठ
आणि पहिल्यांदा खरा जाळ केल्यावर?

टेम्स_ते_कास
पहिले दोन-तीन जाळ छोटे करायचे. स्टोव्हचा रंग भाजतो तेव्हा उग्र वास आणि थोडा धूर येतो, तो स्टोव्हच्या अंगावरून येतो, जोडातून नाही. खिडकी उघडी ठेवली की झालं. जाळ नीट लागल्यावर उदबत्ती प्रत्येक जोडाभोवती फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक, जोडाकडं ओढला गेला तर तिथं फट आहे.

लेझरच्या थर्मामीटरनं बाहेरचा पत्रा मोजणार असाल तर चकचकीत स्टेनलेसवर तो खोटंच सांगतो, खूप कमी आकडा येतो. जोडाजवळ काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि तिथं मोजा. एखादा जोड शेजारच्या पत्र्यापेक्षा बराच गरम लागला तर आत वूल नाही.

सह्यकडा
लाकडाचंही बघा. पावसाळ्यात बाहेर रचलेलं लाकूड वापरलं तर सगळे जोड बरोबर असूनही महिन्याभरात डांबर साचतं. ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन सुयांचं. ओंडका फोडून आतल्या बाजूला टोचायचं, बाहेरून टोचून उपयोग नाही. उन्हाळ्यातच भरून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा, खाली फळ्या घालून.

घाटमाथा
सगळ्यांचे मनापासून आभार. सुताराला थांबवलं आणि पूर्ण पाइप उतरवला.

मोबाइल दोरीनं सोडला तेव्हाच चित्र स्पष्ट झालं. तयार तुकड्यांचे जोड बरोबर होते. फॅब्रिकेटरच्या दोन्ही तुकड्यांत आतला पदर उलटा होता, वाफेवरचा काका म्हणाले तसाच. रिव्हेटही आरपार गेलेले. त्यातला एक जोड नेमका जिप्समच्या वर, खोक्याच्या आत येणार होता. वूल एका तुकड्यात टोकाला चार बोटं खाली सरकलेली. ते दोन्ही तुकडे बाद केले, एक मीटरचा तयार तुकडा मागवला आणि मांडणी बदलली. आता छताच्या जाडीत एकही जोड येत नाही. पट्टीवर जी५० आहे.

नवीन तुकडा बसवून गोळीनं धूर तपासला. दुसऱ्या जोडाला बारीक धार दिसली, पट्टा तिरका आवळला गेला होता. सैल करून पुन्हा बसवल्यावर बंद झाली. प्लाय रद्द, सिमेंट बोर्ड आणि दारं. अलार्म दोन आणलेत. बाबा आधी म्हणत होते एवढं कशाला, डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर त्यांनीच झोपायच्या खोलीतला लावून घेतला.

वाई_माहेर
वाचून जीव भांड्यात पडला. आईंना उबेत ठेवा.

कुपवाड_वेल्डर
धागा आमच्या वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकलाय. आता कुणी पाइपची ऑर्डर दिली की आधी विचारणार, धूर कशाचा आणि वर कुठली बाजू.

निळीशाई
माझं मत हीटरचंच आहे, पण तपासणी अशीच व्हायला हवी. एक शंका: वरच्या टोपीला पक्ष्यांसाठी बारीक जाळी लावावी का?

सह्यकडा
बारीक नको, ती डांबरानं भरून बंद होते आणि मग धूर खाली येतो. बोट आरपार जाईल एवढी मोठी, स्टेनलेसचीच. आणि साफ करताना लोखंडी तारांचा ब्रश वापरू नका. त्याचे कण स्टेनलेसला चिकटून गंजतात. नायलॉनचा गोल ब्रश घ्या, १५० मिमीचा, दांड्या जोडायचा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि हिवाळा संपल्यावर एकदा फिरवायचा. खालून स्टोव्हच्या तोंडातून फिरवता आला तर पत्र्यावर चढायची गरज पडत नाही, म्हणून पहिल्या जोडाशी साफसफाईचं झाकण आहे का ते आत्ताच बघून घ्या.

घाटमाथा
झाकण नाही. उद्याच साफसफाईचं झाकण असलेल्या टी तुकड्याची चौकशी करतो, बोर्ड लावायच्या आधी.